घाणा क्रमांक चारशे बारा

१

मेरीमातेच्या सणाची सकाळ होती. खाली बायका औषधी पाल्याच्या जुड्या घेऊन पाद्रीबाबांच्या आशीर्वादाची वाट पाहत होत्या, आणि वर ऑर्गन वाजवायला कोर्बिनियन लेख्नर जिना चढत होता. अकराव्या पायरीवर त्याचा कृत्रिम पाय फाटला. मोडला नाही, फाटला. प्लॅस्टिकची जुनी बादली तडकते तसा, वरपासून खालपर्यंत. लेख्नर बासष्ट वर्षांचा, अंगाने भरलेला. अकराच्या अकरा पायऱ्या उलट्या क्रमाने उतरला आणि खुबा मोडून घेतला.

"आधी पाय खाली पोचला," मी हॉस्पिटलात भेटले तेव्हा तो म्हणाला, "मग मी. एरवी आम्ही बरोबर जातो."

विनोद करून झाल्यावर त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. डॉक्टरांनी त्याला सकाळीच सांगितलं होतं की ऑर्गनचे पायांनी वाजवायचे सूर आता विसरायचे.

मी विमा कंपनीची तपासनीस, वाल्बुर्गा थालहामर. नोकरीला एकतीस वर्षं झाली. माझ्या डोक्यात प्रत्येक माणसाच्या नावाचे दोन रकाने असतात. त्याने सांगितलं ते डावीकडे, मला दिसलं ते उजवीकडे. दोन्ही रकाने तंतोतंत जुळले असं एकतीस वर्षांत चारदाच झालं, आणि त्यातला एक माणूस बेशुद्ध होता.

फाटलेलं सॉकेट माझ्याकडे पिशवीतून आलं. सॉकेट म्हणजे गुडघ्याखाली उरलेला पाय ज्यात बसतो तो पेला. तो दुधासारखा पांढरा असायला हवा. हा सिगारेट ओढणाऱ्याच्या दातांसारखा पिवळा होता, आणि वरून संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत. महिनाभराच्या घामाचा वास त्याला येत होता. त्याबद्दल माझी तक्रार नाही, पायाला पायाचाच वास येणार. पण मग फाटलेल्या कडेवर मी भिंग धरलं.

सॉकेटच्या भिंतीच्या जाडीत एक केस होता. आखूड, भाजून तपकिरी झालेला, दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकमध्ये गाडलेला.

तो लेख्नरचा असणं शक्य नव्हतं. लेख्नरने पाय घालण्याच्या आधीपासून तो आत होता.

२

ते सॉकेट आमच्याच मोर्नबाखमध्ये, गेरोल्ड त्सिस्टलच्या कारखान्यात बनलं होतं. तिथे हातोडा नाही, साचा नाही. असते ती पावडर. नायलॉनची, पांढरी, मैद्याहून बारीक. मशीन पेटीत तिचा केसाएवढा थर पसरतं, वितळेल-न वितळेल इतका तापवतं, आणि मग लेझरचा ठिपका जिथे वस्तू हवी तेवढ्याच जागेवरून फिरतो. तेवढी पावडर वितळून एकजीव होते, बाजूची सुटी राहते. त्यावर दुसरा थर. असे हजारो थर झाले की पेटीत पावडरची गरम ढेप उभी राहते आणि ढेपेच्या पोटात वस्तू. ढेप निवू द्यायची, फोडायची, वस्तू उकरून काढायची. हा झाला एक घाणा.

सुटी राहिलेली पावडर फेकत नाहीत. पण तापून तापून ती म्हातारी होते, म्हणून निम्म्या जुनीत निम्मी कोरी मिसळतात. जमिनीवर सांडलेली आणि व्हॅक्यूमने ओढलेली मात्र सरळ कचऱ्यात. याबाबत त्या धंद्यात दुमत नाही. सेवयांच्या सूपमध्ये झाडू बुडवायचा की नाही, यावर जितकं दुमत असेल तितकंच.

त्सिस्टलने मला कॉफी दिली. कॉफीवर पांढरी साय होती.

"पावडर आहे," तो कौतुकाने म्हणाला. "निरुपद्रवी."

पन्नाशीचा, लिननचा सदरा, मनगटाला लाकडी मण्यांची माळ. मागच्या भिंतीवर हिरव्या चौकटीत कसलंसं मानपत्र, त्यात लिहिलेलं की इथे काहीही वाया जात नाही. कागद उलटताना तो दर वेळी जिभेने बोट ओलं करायचा आणि तोच कागद माझ्या हातात द्यायचा.

त्याचं म्हणणं सोपं होतं. मशीन ल्युबित्सा पेर्कोविच चालवते, घाण्याच्या कागदावर सही तिची, उष्णता कमी-जास्त झाली असेल तर तिच्याच हातून. तिच्या बडतर्फीचं पत्र तयार होतं, शुक्रवारी देणार. त्याची एक प्रत पोलिसांकडे, हलगर्जीपणाने इजा केल्याबद्दल. माझा अहवाल तोवर आला तर बरं, म्हणजे सगळं एकाच पाकिटात जाईल.

"मी माणसांवर विश्वास टाकतो, थालहामरबाई," तो म्हणाला. "हाच माझा दोष."

हे मी डावीकडे लिहिलं.

मग मी घाण्याची पट्टी मागितली. प्रत्येक घाण्यात वस्तूंच्या शेजारी वीतभर लांब एक चपटी पट्टी बनते. त्याच पावडरची, त्याच उष्णतेतली, आणि घाण्याचा आकडा तिच्या अंगावर उठावाने आलेला. ती पट्टी नंतर ताणून तोडतात, किती जोराला तुटली ते लिहितात, आणि दोन तुकडे पाकिटात ठेवतात. घाण्यातल्या सगळ्या वस्तूंची ती जामीनदार.

लेख्नरचं सॉकेट घाणा क्रमांक चारशे चौदाचं. त्याची पट्टी मी पाकिटातून काढली. साबणासारखी गुळगुळीत, पांढरीशुभ्र. तुटली तीही चांगल्या जोराला.

एका आईची दोन मुलं वेगळी दिसू शकतात. एका घाण्याची दिसू शकत नाहीत. सॉकेट तर लेख्नरच्या अंगावरून उतरून थेट माझ्याकडे आलं होतं. म्हणजे खोटं बोलत होती ती पट्टी.

३

"पट्टी खोटी होऊ शकत नाही," ल्युबित्सा म्हणाली. "आकडा चिकटवलेला नसतो, बाई. तो पट्टीबरोबरच जन्मतो."

हे ती स्वतःच्या विरुद्ध बोलत होती, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. मी ते उजवीकडे लिहिलं.

वय चव्वेचाळीस. बाप क्रोएशियातून रस्ते करायला आला आणि रस्ता झाल्यावर इथेच राहिला. डोक्याला जाळी, तोंडाला मास्क, हातात मोजे घालून ती ढेप ब्रशने उकरत होती आणि माझ्याशी बोलताना थांबत नव्हती. पावडर कोण मिसळतं, विचारलं. मालक, शनिवारी, एकटेच. दुसऱ्या कुणाला पिंपाला हात लावू देत नाहीत, तुमचे हात सैल आहेत म्हणतात.

"वस्तू पिवळ्या निघतायत हे दिसलं नाही तुम्हांला?"

"दिसलं. सांगितलंही. म्हणाले, तुझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय." तिने फुंकर मारून एका मुलाच्या पायाला आधार द्यायची पट्टिका मोकळी केली. "मग बेन्नो पट्टी तोडायचा आणि आकडा छान यायचा. आकडा छान आल्यावर स्वतःच्या डोळ्यांना कोण विचारतो?"

शुक्रवारच्या पत्राची तिला कल्पना होती. लेख्नरला भेटायला ती हॉस्पिटलात दोनदा गेली आणि दोन्ही वेळा दारातून परत फिरली. त्याच्या पायावर माझी सही होती, इतकंच म्हणाली.

भिंतीवर कॅलेंडर होतं. दर दुसऱ्या बुधवारी तिच्या अक्षरात घाण्याचा आकडा आणि पुढे बरोबरची खूण. मार्चमधल्या चारशे पाचपासून ऑगस्टमधल्या चारशे सोळापर्यंत बारा घाणे, बारा खुणा. फक्त कॉर्पस क्रिस्तीच्या सणाच्या आदल्या दिवशी, जूनमध्ये, चारशे बारापुढच्या खुणेखाली पेन्सिलीने एक बारीकशी फुली होती. खोडलेली, पण पूर्ण न खोडली गेलेली.

"हे काय?"

ब्रश थांबला.

"डाग असेल," ती म्हणाली, आणि हात धुऊन येते म्हणून निघून गेली. हातात मोजे तसेच होते.

४

पट्ट्या तोडणारा बेन्नो हुटनर सकाळी दहाला लेबरकेज खायला बसतो. गरम मांसाचा जाड काप, पाव, गोड मोहरी. ही वेळ मोडायची हिंमत आमच्याकडे देवही करत नाही, पण मी समोर जाऊन बसले. पेन्शनला दोन वर्षं उरलेला माणूस. अशांची तोंडं खाताना उघडतात तेवढीच.

मी म्हटलं, ल्युबित्सा परवा घरी जाणार, मग पोलिसात. तुम्ही मोहरी संपवा निवांत.

त्याने तीन घास घेतले. चौथ्याच्या आधी त्याने सांगितलं.

चारशे बारा झालाच नव्हता. सणाच्या आदल्या बुधवारी ल्युबित्साने मशीन सुरू केलं, आणि पहिल्याच तासात थरांच्या कडा पापडासारख्या वळल्या, रोलरने त्या ओढत नेल्या, सगळं फाटलं. तिने मशीन बंद केलं. गुरुवारी सण, शुक्रवारी जोडून सुट्टी, पुढे शनिवार-रविवार. मालक दुपारीच बोट घेऊन तळ्यावर गेलेले. अर्धी भाजलेली पावडर पिंपभर. मालकांना कळतं तर त्यांनी ती चाळून वापरायला लावली असती. म्हणून दोघांनी मिळून ती टाकून दिली, राहिलेल्या वस्तू पुढच्या घाण्यात घातल्या आणि कॅलेंडरवर बरोबरची खूण केली. मेलेल्या घाण्याचा आकडा पुन्हा वापरत नाहीत, म्हणून तिने आपल्यापुरती पेन्सिलीने फुली मारली.

"त्सिस्टलना अजून माहीत नाही?"

"आम्हां दोघांशिवाय कुणालाच नाही. आता तुम्हांला."

ती फुली पाहिल्यावर फायलीतून उचललेलं एक पाकीट मी पर्समधून काढून मोहरीशेजारी ठेवलं. चारशे बाराची पट्टी, तुटलेली. सोबत तिच्या जोराचा आकडा आणि खाली बेन्नो हुटनरची सही.

तो चावायचा थांबला.

"सोमवारी माझ्या ट्रेमध्ये होती," घास गिळून तो म्हणाला. "मला वाटलं, ल्युबित्साने छोट्या मशीनवर गुपचूप काढली, आपलं खोटं झाकायला. मी तोडली, लिहिली, गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी तिने मला स्ट्रॉबेरीचा केक आणून दिला. म्हटलं, आभार मानतेय."

मी तशीच ल्युबित्साकडे गेले. ती लाल झाली. फायलीत चारशे बाराचा अहवाल पाहून तिला वाटलं होतं की बेन्नोने तिच्यासाठी आकडा मनाने लिहिला. पेन्शनच्या तोंडावर एवढा धोका! म्हणून तिने केक केला. तो काही बोलला नाही, सगळा खाल्ला, म्हणून तीही काही बोलली नाही.

अडीच महिने दोघं एकमेकांच्या उपकाराखाली दबून वावरत होती, आणि उपकार कुणीच केला नव्हता. मग न झालेल्या घाण्याची पट्टी ट्रेमध्ये ठेवली कुणी?

५

गुरुवारी सकाळी मी तिघांना त्सिस्टलच्या खोलीत बसवलं. टेबलावरची त्याची कॉफी बाजूला सरकवली, रुमालाने जागा पुसली, रुमाल कचऱ्याच्या टोपलीत टाकला आणि बारा पाकिटं उघडली. तुटलेले तुकडे जोडून पट्ट्या आकड्यांच्या क्रमाने कडेला कड लावून मांडल्या. चारशे पाच ते चारशे सोळा.

"पडदा ओढा," मी म्हटलं, आणि टेबलावरचा दिवा आडवा धरला.

पहिल्या पट्टीवर, आकड्याजवळ, एक बारीक खाच होती. नखाला लागेल इतकीच. दुसरीवरही होती, जराशी खाली सरकलेली. तिसरीवर आणखी खाली. बाराही पट्ट्यांवरून ती एकच रेघ तिरकी, सरळ, कुठेही न तुटता गेली होती आणि चारशे सोळाच्या खालच्या टोकाला संपली होती.

ल्युबित्सा उठून उभी राहिली. मी सांगायच्या आधी तिला कळलं.

त्सिस्टल हसला. "रोलरला टवका असेल. मग प्रत्येक घाण्यात खाच येणारच."

"टवक्याची खाच प्रत्येक पट्टीवर त्याच जागी आली असती," ल्युबित्सा म्हणाली. आवाज हळू होता. "पट्ट्या आपण जरा तिरक्या ठेवतो, रोलर कडेवर अडकू नये म्हणून. एखादा कण रोलरखाली एकदाच घासत गेला, आणि या सगळ्या तेव्हा शेजारी शेजारी पडून होत्या. एका पेटीत. एका थरात."

मार्च ते ऑगस्टची बारा भावंडं एकाच दिवशी जन्मली होती. कुणीतरी कोऱ्या पावडरचं पिंप फोडून, छोटासा घाणा काढून, पुढच्या सगळ्या आकड्यांच्या पट्ट्या आधीच बनवून ठेवल्या. मग दर वेळी ल्युबित्सा खरी पट्टी बेन्नोच्या ट्रेमध्ये ठेवायची, तो माणूस ती उचलायचा आणि तिच्या जागी आपली ठेवायचा. ल्युबित्साला वस्तू पिवळ्या दिसायच्या, बेन्नोला पट्टी पांढरी. दोघांच्या मध्ये तो ट्रे.

"मशीन मी चालवत नाही," त्सिस्टल म्हणाला. "ही चालवते. पट्ट्या हाच हाताळतो. दोघांपैकी एक."

"हे मीही धरून चालले होते," मी म्हटलं. "पण चारशे बारा झालाच नाही."

मी त्याच्याकडेच बघत होते. त्याचं बोट जिभेपर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं.

तो घाणा पहिल्या तासात मेला हे ल्युबित्साला माहीत होतं, कारण तो तिच्या हातात मेला. बेन्नोला माहीत होतं, कारण त्याने तो पुरायला मदत केली. त्यांच्यापैकी कुणीही मेलेल्या घाण्याची पट्टी जिवंत म्हणून ट्रेमध्ये ठेवली नसती. ते करू शकणारा एकच माणूस होता: जो तेव्हा तळ्यावर बोटीत होता आणि ज्याला या दोघांनी काही सांगितलं नव्हतं.

"सोमवारी ट्रे रिकामा होता, त्सिस्टलसाहेब. तुम्हांला शंका आली नाही. तुम्हांला वाटलं, ही ठेवायला विसरली. बरंच झालं, एक उचलायची वाचली."

६

तो नाकारील असं मला वाटलं होतं. तो समजावू लागला, ते जास्त किळसवाणं होतं.

पावडर ती पावडर, म्हणाला. रेणू तोच. पिंपातून निघाली काय आणि व्हॅक्यूमच्या पिशवीतून निघाली काय. तो ती तीनदा चाळून घ्यायचा, स्वतः, शनिवारी, आपल्या हातांनी. केस चाळणीतून उभा निसटतो, त्याला कोण काय करणार. जगात एवढा कचरा होतोय आणि लोक कोरं कोरं म्हणून ऊर बडवतात.

"आणि मेलं तर कुणी नाही ना," तो म्हणाला.

बेन्नोने खिडकी उघडली.

मग त्सिस्टल सावरला. तो मूर्ख नव्हता. तुमचा सगळा डोलारा चारशे बारावर उभा आहे, तो मला म्हणाला, आणि चारशे बारा झाला नाही हे सांगणार कोण? ही दोघं. ज्यांनी कॅलेंडरवर खोटी खूण केली, मालकाला फसवलं, माल फेकला. त्यांनी तसं लिहून द्यावं, मी दोघांनाही आजच काढतो. खोटारड्यांची साक्ष कोर्टात किती टिकते बघू.

यात तथ्य होतं, आणि तेच मला खात होतं. मी कोरा कागद टेबलावर ठेवला. असल्या वेळी दुसऱ्याच्या हाताला धक्का देणं मला जमत नाही.

बेन्नो खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "दोन वर्षं."

"माहीत आहे," ल्युबित्सा म्हणाली. "तू लिहू नकोस. मशीन मी बंद केलं, खूण मी केली. माझ्यापुरतं मी लिहिते."

तिने लिहिलं. किती वाजता कडा वळल्या, किती पावडर टाकली, खोटी खूण कुणाच्या भीतीने केली. एकही शब्द सजवला नाही. सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. बेन्नोने मागून येऊन तो वाचला. तिने त्याचं नाव कुठेच घातलं नाही हे पाहून त्याला जणू राग आला.

"'टाकली' काय, 'टाकली'?" तो म्हणाला. "एवढं पिंप तुला एकटीला उचलतं तरी का?" आणि तिच्या सहीखाली त्याने आपली दोन ओळींची भर घातली आणि सही केली. अक्षर इतकं वाईट होतं की मला ते त्याच्याकडून वाचून घ्यावं लागलं.

त्सिस्टल वकिलाचा नंबर शोधू लागला.

मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. लेख्नरचं प्रकरण माझ्यापुरतं संपलं होतं, आणि पोलिसांचं पाकीट आता दुसऱ्या नावाने जाणार होतं. हात धुवावेसे वाटत होते, पण त्या बेसिनमध्ये नाही.

ल्युबित्सा मात्र निघाली नाही. ती कपाटातून मार्चपासूनची फाइल काढून पानं उलटत होती आणि एका कागदावर नावं उतरवत होती. पायांची, गुडघ्यांची, मुलांच्या पट्टिकांची. चारशे पाचपासून झालेले अकराही घाणे. लेख्नर सोडून तेवीस माणसं.

"हे काय चाललंय?" त्सिस्टल म्हणाला. "आज नको. आधी वकील काय म्हणतो ते बघू. लोक घाबरतील, उगाच गोंधळ होईल. सोमवारी मी स्वतः पत्र पाठवतो."

तिने त्याच्या टेबलावरचा फोन आपल्याकडे ओढला. पहिला नंबर फिरवला. पलीकडे घंटा बराच वेळ वाजली, मग एका बाईचा आवाज आला, धापा टाकत. मागे गाड्या ऐकू येत होत्या.

"बाई, मी मोर्नबाखच्या कारखान्यातून बोलतेय," ल्युबित्सा म्हणाली. "तुमचा पाय बनवला ती. जिथे आहात तिथे आधी खाली बसा. नाही, घरी जाऊन नाही, आत्ता. एक पाऊलही टाकू नका. बसलात? मग सांगते."

बेन्नोने दुसरा फोन उचलला, तिच्या यादीवर बोट ठेवून दुसरं नाव वाचलं, आणि नंबर फिरवला.